गाणं मोठं, बँड छोटा: स्टुडिओतले थर स्टेजवर कसे आणायचे?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" बरेचसे गाळलेत, सगळे नाही. जिथे काही वाजवून दाखवलं तिथे कंसात नोंद आहे.)

आजचा भाग जमलं तर हेडफोन लावून ऐका. वाचत असाल तर इअरफोन हाताशी ठेवा, मध्येच लागणार आहेत.

प्रश्न असा आहे. तुम्ही पाच जण आहात. एक गाणारी, एक कीबोर्ड, एक गिटार, एक बेस आणि एक ड्रम्स किंवा ऑक्टोपॅड. कॉलेजच्या गॅदरिंगला, गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर, नाहीतर मित्राच्या हळदीला वाजवायचंय. आणि ग्रुपवर मतदान होऊन गाणं ठरलंय 'याड लागलं'. 2016 च्या 'सैराट'मधलं, अजय-अतुल यांचं. त्या सिनेमाचा वाद्यवृंद रेकॉर्ड झाला लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, जिथे हॉलिवूडच्या सिनेमांचं पार्श्वसंगीत होतं त्या हॉलमध्ये. तिकडचे नुसते व्हायोलिनवाले आणले तरी आपल्या सोसायटीच्या स्टेजवर मावणार नाहीत. आणि इकडे आपण पाच. आता काय करायचं?

बहुतेक ग्रुपमध्ये यावर दोनच उत्तरं येतात. पहिलं, "कीबोर्डवाला घेईल सांभाळून." दुसरं, "ट्रॅक लावू ना यार." पहिल्या उत्तरात कीबोर्डवाल्याला हात दोनच असतात हे सगळे विसरतात. दुसऱ्या उत्तरात आज व्हायोलिन ट्रॅकवर जातं, पुढच्या कार्यक्रमाला बेस जातो, मग ड्रम्स, आणि वर्षभरानं स्टेजवर एक गाणारी आणि एक लॅपटॉप एवढंच उरतं. बाकीचे चार प्रेक्षकांत बसून व्हिडिओ काढतायत.

आज या दोन्हींच्या मधल्या वाटेबद्दल बोलायचंय. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ, अशा एका बँडकडे, ज्यानं स्वतःचंच गाणं इतकं मोठं करून ठेवलं की ते स्टेजवर त्यांचं त्यांनाच वाजवता येईना.

पण त्याआधी थर म्हणजे काय, ते पटकन बघू. रेकॉर्डिंग म्हणजे सगळे एकत्र बसून एकदा वाजवतात, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. एके काळी तसंच होतं. मग मल्टिट्रॅक टेप आली. एकाच टेपवर शेजारी शेजारी अनेक पट्ट्या. एकीवर ड्रम्स, दुसरीवर गिटार, तिसरीवर आवाज, आणि गंमत म्हणजे हे सगळं वेगवेगळ्या वेळी. आज ड्रम्स वाजवा, उद्या ते ऐकत ऐकत गिटार, परवा त्यावर गा. याला ओव्हरडब म्हणतात. पट्ट्या संपल्या की आधीच्या तीन-चार मिसळून एका पट्टीवर आणायच्या, जागा मोकळी करायची आणि पुन्हा भरायची. घडीच्या पोळीसारखं: लाटा, घडी घाला, परत लाटा. म्हणजे एकच माणूस स्वतःबरोबर दहा वेळा गाऊ शकतो. स्टुडिओत. स्टेजवर तो एकदाच गाऊ शकतो, आणि आजच्या भागाची सगळी भानगड इथेच आहे.

बीटल्सनी 1967 चा 'सार्जंट पेपर' असाच चार ट्रॅकच्या मशीनवर रचला. पण तोवर त्यांनी स्टेज सोडलेलं होतं. 29 ऑगस्ट 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच महिन्यात 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम बाजारात आला होता, आणि त्या शेवटच्या दौऱ्यात त्यातलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नाही. कारणं बरीच होती. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, हेही एक. पण 'एलेनॉर रिग्बी'सारखं गाणं घ्या. त्यात चौघांपैकी कुणी वाद्य वाजवतच नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो, बस्स. ते दोन गिटार, बेस आणि ड्रम्सवर कसं आणणार? त्यांनी तो प्रश्न सोडवला नाही, सोडून दिला. बीटल्स होते, त्यांना परवडलं. तुमची तारीख मात्र ठरलेली असते आणि मंडळानं बॅनरसुद्धा छापलेला असतो.

आता क्वीनकडे येऊ. फ्रेडी मर्क्युरी सगळ्यांना माहीत आहे, निदान 2018 च्या सिनेमामुळे तरी. जन्म झांझिबारचा, 1946 चा, पारशी कुटुंब, मूळ नाव फारुख बलसारा, आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. शाळेतच त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता आणि त्यात तो पियानो वाजवायचा. म्हणजे शाळेच्या कार्यक्रमात, हाताशी आहेत तेवढ्या पोरांना घेऊन, दुसऱ्यांची गाणी वाजवायचा. तुमच्याच प्रश्नापासून सुरुवात झाली होती त्याची.

1975 साली त्यानं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लिहिलं. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. आधी नुसते आवाज, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटारचा सोलो, मग अचानक ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी परत शांत. यातला ऑपेरा आपल्या कामाचा. ऐकताना वाटतं पन्नास-साठ माणसांचा कोरस उभा आहे. प्रत्यक्षात गाणारे तीन: फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. बेसवाला जॉन डीकन त्यात गात नाही. रॉजर सगळ्यात वरचे सूर घ्यायचा, ब्रायन खालचे, फ्रेडी मधले. 24 ट्रॅकच्या टेपवर हे तिघं गायले, मिसळून जागा केली, परत गायले, परत मिसळलं, असं कित्येक दिवस. ओव्हरडबचा आकडा सांगतात तो 180 च्या घरातला. टेप मशीनमधून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन मे यांनी मुलाखतींत सांगितलंय.

रेकॉर्ड आली, गाजली. आणि लगेच दौरा. स्टेजवर माणसं चार.

आता बघा त्यांनी काय केलं. पहिल्या दौऱ्यात गाण्याचे सरळ तुकडे केले. संथ भाग दुसऱ्या गाण्यांबरोबर जोडून वाजवला, आणि ऑपेराची टेप वापरली कार्यक्रमाच्या सुरुवातीला, पडदा उघडताना वाजते तशी. पुढे गाणं सलग वाजवायला लागले तेव्हा वेगळी युक्ती केली. संथ भाग आणि सोलो चौघं वाजवणार. ऑपेरा आला की चौघंही स्टेज सोडून आत जाणार. रिकामं स्टेज, नुसते दिवे आणि वाजतेय ती टेप. आणि रॉकचा पहिला ठोका पडायच्या क्षणी चौघं परत हजर. तोवर कपडेसुद्धा बदलून झालेले असायचे. 1979 च्या 'लाइव्ह किलर्स' या अल्बममध्ये हे नीट ऐकू येतं: टेप संपून खरा बँड सुरू होतो तिथे आवाजाचा सगळा पोतच बदलतो.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी नाटक केलं नाही. टेप वाजत असताना माइकसमोर उभं राहून ओठ हलवणं सोपं होतं. त्याऐवजी ते चक्क निघून गेले. प्रेक्षकाला स्वच्छ कळत होतं की हे टेपवर आहे, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, सगळं स्टेडियम त्या टेपबरोबर गायचं.

आणि तिसरा उपाय तर जगानं पाहिलाय. 13 जुलै 1985, लंडनचं वेम्ब्ली, लाइव्ह एड. क्वीनला वीसेक मिनिटं मिळालेली. सुरुवात याच गाण्यानं. संथ भाग, गिटारचा सोलो, आणि ऑपेरा यायच्या जागी थेट 'रेडिओ गागा'. ऑपेराच कापला! कुणी तक्रार केल्याचं आठवतंय? उलट तो कार्यक्रम रॉकच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या कार्यक्रमांत गणतात.

(इथे आपण एका दुसऱ्या गाण्याचा स्टुडिओतला आणि स्टेजवरचा तुकडा लागोपाठ ऐकवला.)

हे जे आत्ता ऐकलंत ते 'समबडी टू लव्ह', 1976 चं, म्हणजे पुढच्याच वर्षीचं. स्टुडिओत परत तेच तिघं, परत थरांवर थर, या वेळी अमेरिकी चर्चमधल्या गॉस्पेल कोरससारखे. पण हे गाणं स्टेजवर ते टेप न लावता वाजवायचे. फ्रेडी मुख्य चाल गाण्यात गुंतलेला, म्हणजे कोरसला उरले दोघं, त्यातला एक ड्रम्स वाजवतोय आणि दुसरा गिटार. आणि तरी गाणं उभं राहतं. नुसतं उभं राहत नाही, मला तर स्टेजवरचंच जास्त आवडतं.

मग एकाला टेप का लागली आणि दुसऱ्याला का नाही? बँड तोच, गळे तेच, थरही जवळपास तेवढेच.

याचं उत्तर द्यायला मला आपला शाहीर लागतो. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि मागचे झीलकरी त्याची ओळ उचलतात, 'जी जी' करत सूर धरतात. झीलकरी सहा असले तर बहार. चार असले तरी चालतं. दोनच आले, बाकीच्यांची एसटी चुकली, तरी पोवाडा होतो, कारण कथा शाहिराच्या तोंडात आहे. 'समबडी टू लव्ह'मध्ये फ्रेडी शाहीर आहे आणि कोरस झीलकरी. पातळ केला तरी कणा मोडत नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरात मात्र शाहीरच नाही! सगळे झीलकरी एकमेकांना ओरडून उत्तरं देतायत. तिथे थर हेच गाणं आहे. दोन माणसांनी ते गायलं तर पोकळ वाटणार, हास्यास्पद वाटणार. म्हणून तिथे टेप, नाहीतर कात्री.

तर आपल्याकडं कोणतं वाद्य नाही, ही यादी नंतर करा. आधी बघायचं ते हे की या गाण्यात शाहीर कोण आणि झीलकरी कोण. आणि प्रत्येक थराला विचारायचं, बाबा रे, तू नसलास तर काय बिघडेल?

हे ओळखायला महागडं काही लागत नाही, खिशातला फोन पुरतो. गाणं फोनच्या उघड्या स्पीकरवर लावा, हेडफोन न घालता, आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. त्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस जवळपास येतच नाही, बारीक चकाकी विरून जाते, आणि जे उरतं त्यावरून गाणं ओळखता येतं की नाही ते बघा. ओळखता आलं, तर जे ऐकू येतंय तो कणा. मग इअरफोन घाला, पण एकच. आधी डावा, मग उजवा. (फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर बंद करा, नाहीतर दोन्हीकडं सारखंच येईल.) गायकाचा आवाज, बेस, मुख्य ठोका हे बहुतेक वेळा मध्यभागी ठेवलेले असतात, म्हणून दोन्ही कानांत येतात. जे एकाच बाजूला आहे ते सहसा सजावटीचं: एका कानात खुळखुळा, दुसऱ्यात गिटारची बारीक ओळ. अर्ध्या तासात कागदावर सगळे थर उतरतात.

मग 'याड लागलं'सारख्या गाण्यातल्या त्या मोठ्या व्हायोलिनच्या ताफ्याकडं या. ऐकताना तो एकच लोंढा वाटतो, पण मोठा वाद्यवृंद गाण्यात साधारण तीन कामं करतो. कधी तो गायकाच्या खाली लांब सूर धरून सतरंजी अंथरतो. कधी गायकाची ओळ संपली की तिला उत्तर देतो. आणि कधी एका भागातून दुसऱ्या भागात उचलून नेतो, म्हणजे ती जी लाट चढत येते आणि धाडकन मुखडा सुरू होतो, ती. ही तिन्ही कामं एकाच माणसानं, एकाच कीबोर्डवर, 'स्ट्रिंग्स'चा आवाज लावून करायची, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची चाल, आणि ऐकायला सगळ्यात केविलवाणी. कामं वाटून द्या. सतरंजी कीबोर्डच्या डाव्या हातात. उत्तराची ओळ गिटारला, आणि गिटारनं ती गिटारसारखीच वाजवायची, व्हायोलिनची नक्कल करायची नाही. आणि उचलून न्यायचं काम ड्रम्सचं. झांजेवर हळूहळू वाढत गेलेला रोल पन्नास व्हायोलिनांचं निम्मं काम करतो, खरंच.

आता थोडं बारकाव्यात जातो. नकोसं वाटलं तर पुढचा परिच्छेद गाळा.

समजा कोरस तीन सुरांचा आहे, सा-ग-प, आणि गायला माणसं दोनच. कोणता सूर सोडायचा? पंचम सोडा, गंधार ठेवा. बेसवाला खाली षड्ज वाजवतोय, आणि कुठल्याही खर्जाच्या सुरात पंचम मुळातच मिसळलेला असतो, कान तो भरून घेतात. गंधार मात्र ठरवतो की गाणं हसतंय की रडतंय, शुद्ध की कोमल. तंबोऱ्याला कान लावून बसलात तर स्वयंभू गंधारही ऐकू येतो, हे शास्त्रीय शिकणाऱ्यांना माहीत असेल. पण तो शुद्धच असतो आणि फार हलका. कोमल हवा असेल तर कुणीतरी गायलाच पाहिजे. क्वीनचे दोघं स्टेजवर गायचे तेव्हा असंच गाळून गायचे, सगळे सूर घ्यायचा अट्टहास नव्हता. स्वतः फ्रेडीसुद्धा रेकॉर्डवरच्या कित्येक उंच जागा स्टेजवर खालून काढायचा. स्टुडिओत ती जागा एकदा नीट लागली की झालं. दौऱ्यात रोज दोन तास गायचं असतं. तेव्हा तुमच्या गाणारीनं पट्टी एक-दोन सुरांनी खाली मागितली, तर "ओरिजिनल स्केलच पाहिजे" म्हणून तिच्याशी भांडू नका. फक्त कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायचं काम एकाला नेमून द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं नव्या बँडपैकी दहातले नऊ करत नाहीत. स्टुडिओतलं गाणं मोठं होत जातं ते थर वाढवून. पहिल्या कडव्यात थोडी वाद्यं, दुसऱ्यात थोडी जास्त, शेवटी सगळा फौजफाटा. तुमच्याकडं वाढवायला माणसं नाहीत. पहिल्याच ओळीपासून पाचही जण जोर लावून वाजवायला लागले, तर शेवटच्या मुखड्याला काय करणार? अजून जोरात वाजवणार, साउंडवाला आवाज खाली करणार, संपलं. म्हणून छोट्या बँडला सुरुवातीला कमी व्हावं लागतं. पहिल्या मुखड्यात नुसता कीबोर्ड आणि आवाज. बेस थांबलेला. बेस आला की पहिल्यांदा जमीन पायाखाली आल्यासारखी वाटते. ड्रमरनं पहिल्या अंतऱ्यात काठ्या खाली ठेवायच्या, आणि ड्रमरला काठ्या खाली ठेवायला लावणं हे या सगळ्यातलं अवघड काम आहे, माझ्या ड्रमर मित्रांनो, माफ करा. पाच जणांत मोठेपणा दाखवायचा तर तो फरकानंच दाखवता येतो. शिवाय आपल्याकडच्या हॉलमध्ये आवाज इतका घुमतो की फार थर घेऊन गेलात तर त्याची खिचडीच होते. थोडी वाद्यं तिथे उलट स्वच्छ ऐकू येतात.

एका माणसाला दोन करायच्याही युक्त्या आहेत. गायकाचा आवाज रेकॉर्डवर जाड वाटतो कारण बहुतेक वेळा तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेली असते. 1966 मध्ये ॲबी रोड स्टुडिओचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी बीटल्ससाठी हे मशीननं करायची रीत काढली, म्हणजे दुसऱ्यांदा गायलाच नको. आज कुठल्याही बऱ्या मिक्सरवर डिले असतो. 30 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून अगदी हलका मिसळला की वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, आवाज फक्त रुंद होतो. हे मुखड्यात लावा, अंतऱ्यात काढा.

लांब डिले ही वेगळी चीज. ब्रायन मेच्या गिटारचे रेकॉर्डवर थरच्या थर असायचे. स्टेजवर तो एकटा. 'ब्रायटन रॉक'च्या सोलोत तो इको मशीनला एक ओळ द्यायचा, ती थोड्या वेळानं परत यायची, तो तिच्यावर दुसरी वाजवायचा. अशा दोन इको, वेगवेगळ्या स्पीकरमधून, म्हणजे एकट्या माणसाची तीन गिटारं. तुमच्या गिटारवाल्याकडं डिलेचं पेडल असेल तर हिशेब सोपा आहे: 60,000 भागिले गाण्याचा बीपीएम. 100 च्या लयीत एक मात्रा 600 मिलिसेकंदांची. तेवढं लावलं की प्रतिध्वनी बरोबर मात्रेवर पडतो. पण मग ड्रमरनं लय पळवायची नाही. पळवली की पेडल सगळ्यांसमोर चुगली करतं.

तालाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक जगाला शिकवू शकतो, असं माझं मत आहे. गाण्यांच्या ऑर्केस्ट्रामध्ये ऑक्टोपॅडवाला एकटा माणूस, आठ पॅडवर, ढोलकी, कोंगो, टाळ्या, घुंगरू सगळं बसवतो. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड 1985 चा, आणि आपल्या वादकांनी त्याचं जे केलंय ते बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. थर एका माणसात बसवण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. फक्त आठही पॅड भरलेत म्हणून आठही सतत वाजले पाहिजेत असं नाही.

आणि एक थर तिकीट काढून, किंवा मंडळात फुकट, समोरच बसलेला असतो. 'वी विल रॉक यू', 1977. त्या रेकॉर्डवर पायांचे दण्ण आवाज आणि टाळ्या मोजक्या माणसांच्या. त्या अनेकदा रेकॉर्ड करून डिलेनं पसरवल्यात, आणि डिलेची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवलीत, म्हणजे प्रतिध्वनी एकावर एक पडत नाहीत आणि हजारो माणसं असल्यासारखं वाटतं. (ब्रायन मे पुढे खगोलभौतिकीत पीएचडी झाला, हे इथे सांगायलाच हवं.) स्टेजवर मात्र या करामतीची गरजच नव्हती. हजारो माणसं समोर होतीच! 'झिंगाट' वाजवत असाल तर मुखडा तुम्ही गायचाच कशाला? ताल चालू ठेवा, माइक समोर धरा. कोरस रेकॉर्डवरच्यापेक्षा मोठा येतो.

आता राहिला ट्रॅक. मी ट्रॅकच्या विरोधात नाही. क्वीननंही टेप लावलीच. तांत्रिक भाग असा की स्टीरिओ फाइलच्या डाव्या बाजूला नुसता क्लिक भरायचा, उजव्या बाजूला संगीत. डावी ड्रमरच्या कानात, उजवी साउंडवाल्याकडं. फोनवरून वाजवत असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर ऐन अंतऱ्यात मावशीचा फोन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल. त्याच फाइलचा दुसरा फोन तयार ठेवा, आणि थांबवायचं बटण ड्रमरच्या हाताशी. कारण गाणारीनं चुकून एक कडवं आधी उचललं, तर पाच माणसं तिच्या मागे धावून तिला गाठू शकतात. ट्रॅक धावत नाही. तो आपल्या जागी बरोबर असतो आणि तुम्ही सगळे चुकलेले. लोकांनी वन्स मोअर दिला, मुखडा अजून दोनदा फिरवावासा वाटला, तर तेही जमत नाही.

माझी रेघ मी इथे ओढतो: जो आवाज कुणी माणूस वाजवतोय असं ऐकणाऱ्याला वाटणारच नाही, तो खुशाल ट्रॅकवर टाका. पावसाचा आवाज, इलेक्ट्रॉनिक घरघर, मागचा अखंड सूर. पण ज्या पीसवर लोक शिट्ट्या मारणार आहेत, तो व्हायोलिनचा किंवा बासरीचा पीस ट्रॅकवरून वाजतोय आणि स्टेजवर कुणीच तो वाजवत नाहीये, हे मला बघवत नाही. आपल्याकडं कार्यक्रमांत वाजवून घर चालवणारे बासरीवाले, ढोलकीवाले, सॅक्सोफोनवाले आहेत, आणि त्यांच्या तारखा ट्रॅकनं खाल्ल्यात. तो एक पीस गाण्याचा जीव असेल तर तेवढ्यासाठी एका वादकाला बोलवा, रीतसर मानधन द्या, पोस्टरवर नाव टाका. तेवढं बजेट नसेल तर तो पीस गिटारवर घ्या, नाहीतर क्वीनसारखा कापून टाका. लोक चालवून घेतात.

तालमीचं शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. गाणं बसलं असं वाटलं की एक फोन हॉलच्या मागच्या भिंतीशी ठेवा आणि सलग रेकॉर्ड करा. घरी गेल्यावर तो तुकडा अशा माणसाला ऐकवा ज्याला मूळ गाणं माहीत आहे पण तुमच्या बँडमधलं कुणी माहीत नाही. त्याला विचारा, काय चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय? तो जे सांगेल तेवढाच थर परत आणायचा. बाकीचे नाहीत.

पुढच्या भागात मॉनिटर आणि शिट्टी, म्हणजे माइकमधून येणारी ती कर्कश शिट्टी, आणि साउंडवाल्या दादांशी भांडण न करता ती कशी घालवायची. तोवर कमेंटमध्ये तुमच्या बँडचं गाणं आणि माणसं किती ते लिहा. थर आपण मिळून मोजू.